क्लचवरचा पाय

जुन्या पिकअपचे गिअर पुन्हा खरखरायला लागले. उघडून बघितलं तर वर्षात तिसरी क्लचप्लेट जळालेली. मिस्त्रीचा धाकटा भाऊ वैतागला. "दादा, प्लेट अशी उगाच जळत नाही. कोणीतरी क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतंय. कोण चालवतं?"

"मीच," मिस्त्री म्हणाला. पण त्याचा पाय क्लचवर कधीच रेंगाळत नसे.

ती खोड बायकोची. त्यावरून तो तिला हजारदा बोलला होता. फारच बोलला की ती गाडी थांबवून उतरायची आणि तरातरा चालत घर गाठायची. मागच्या वर्षी अशीच उतरली, ती घरी पोचलीच नाही. वळणावर ट्रकनं उडवलं.

भरदुपारी नवी प्लेट बसवून भाऊ जेवायला गेला. मिस्त्रीनं इंजिन चालू केलं, शेजारच्या सीटवर सरकला आणि मांडी घालून पेडलकडे बघत बसला.

पेडल बोटभर खाली गेलं आणि तिथंच थांबलं, कोणी पाय टेकवावा तसं.

त्याचे डोळे भरून आले. वर्षभराचं बोलायचं साठलं होतं, पण जिभेचं वळण जुनंच. "पाय काढ गं आधी!" तो खेकसला.

पेडल हळूच वर आलं.

"अगं, नाही... ठेव. जळू दे प्लेट. पण उतरू नकोस," त्यानं हात जोडले.

स्टिअरिंगच्या बाजूचं दार आतून उघडलं.