मागच्या सीटचं मत

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एका छोट्या लाल गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसा. बेल्ट लावा. गाडी दिसायला आपल्या सोसायटीतल्या गाड्यांएवढीच, पण इंजिन असं की सिग्नल सुटला की पाठ सीटला चिकटते. तुमच्या शेजारी दहा वर्षांची निधी बसली आहे. पुढे स्टिअरिंगवर नंदकिशोर आणि त्यांच्या बाजूला शोरूमचा सुबोध. गोरेगावहून आरेच्या रस्त्याने मरोळकडे निघालोय.

"पिकअप बघितलास?" नंदकिशोर म्हणाले. "याला म्हणतात गाडी!"

"झकास आहे सर," सुबोध म्हणाला. पण त्याचं अर्धं लक्ष मागे शोरूममध्येच होतं.

तो तिथे महिनाभराच्या बोलीवर लागला होता आणि महिना संपत आला होता. सकाळीच मॅनेजर मृणालिनी मॅडमनी सांगितलं होतं, "आज तुझं काम बघते. ठेवायचं की नाही, ते संध्याकाळी सांगते." पाठोपाठ जुना सेल्समन प्रीतम कानाशी लागला होता. "लाल गाडी कधीची पडून आहे. आज ती खपवलीस तर तू पक्का. नाहीतर वाट लागली समज."

म्हणून वेगवान छोटी गाडी हवी असं म्हणत गिऱ्हाईक आलं, तेव्हा सुबोधने आधी लालच पुढे आणली. नंदकिशोर गाडीपाशी पोचले तोवर निधी मागे बसून तयार होती. गाडी बघायला आपल्याकडे एकटं कोण येतं? कुणाची बायको येते, कुणाचे सासरे, कुणाचं अख्खं घर. सुबोधने तिला बेल्ट लावायला सांगितला आणि दार लावून घेतलं.

"काय गं, आवडली का?" नंदकिशोरनी आरशात बघत विचारलं.

"आवाज मस्त आहे," निधी म्हणाली.

तेवढ्यात स्पीडब्रेकर आला. गाडी दाणकन आपटली.

"आई गं! माझी पाठ!"

नंदकिशोर हसले. "अगं, रेसच्या गाडीत बसलीस, पालखीत नाही!"

मग परत येऊन त्यांनी राखाडी गाडी काढली. तीही तशीच लहान, तशीच ताकदवान, फक्त गिअर आपोआप पडणारे. तोच रस्ता, तोच स्पीडब्रेकर. या वेळी मागून कुणी ओरडलं नाही.

"ही जरा म्हातारी वाटते रे," नंदकिशोर म्हणाले.

"पळते हो सर, हीसुद्धा. फक्त आरडाओरडा करत नाही."

"गाडीने आरडाओरडा करायचाच असतो!"

शोरूमच्या दारात उतरता उतरता त्यांनी निकाल देऊन टाकला. "ठरलं. लाल. रोज बोरीवलीहून मरोळला जायचं-यायचं. तेवढीच जरा मजा."

सुबोधच्या छातीवरचं ओझं उतरलं. आतून प्रीतमने अंगठा वर करून दाखवला. आता फक्त 'अभिनंदन सर' म्हणायचं बाकी होतं.

"दादा," निधीने विचारलं, "तुला रोज ऑफिसला जायचं असतं, तर तू कुठली घेतली असतीस?"

"वा! अगदी बरोबर विचारलंस," नंदकिशोर खूश झाले. "सांग रे. पण खरं सांग हां."

सुबोधने काचेतून आत बघितलं. प्रीतमचा अंगठा अजून वरच होता. एकच शब्द बोलायचा होता, आणि तो नंदकिशोरना आवडणाराही होता.

"राखाडी, सर," तो म्हणाला. "लाल गाडी रविवारी पहाटे मोकळ्या रस्त्यावर काढावी, तिच्यासारखी मजा नाही. पण रोज हायवेच्या गर्दीत क्लच दाबून दाबून तुमचा पाय भरून येईल. आणि मागे बसणाऱ्याचं काय होतं, ते आत्ताच ऐकलंत."

नंदकिशोर गंभीर झाले. "हं. पाय माझा आत्ताच थोडा दुखतोय, खोटं कशाला बोलू. मग राखाडी दे."

"ही फक्त दाखवायची आहे, सर. नवी चार महिने मिळणार नाही. मागणी खूप आहे."

"कमाल करतोस! आहे ती घेऊ नका म्हणतोस, आणि घ्या म्हणतोस ती नाही. विकायला उभा आहेस की गिऱ्हाईक पळवायला?"

"तुम्ही खरं सांग म्हणालात, सर."

"ते म्हणालो, पण चार महिने कोण थांबणार? बघतो अंधेरीला दुसरीकडे." त्यांनी हात हलवून रिक्षा थांबवली आणि आत बसले.

प्रीतमने कपाळावर हात मारून घेतला. सुबोध पायरीवर तसाच उभा राहिला. संध्याकाळपर्यंत थांबायची गरजच उरली नव्हती. मॅडम काय सांगणार, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

आणि मग त्याच्या लक्षात आलं, की निधी त्याच्या शेजारीच उभी आहे.

"सर! ओ सर!" तो रिक्षामागे धावला. "थांबा! मुलगी राहिली!"

नंदकिशोरनी डोकं बाहेर काढलं. "कुणाची?"

"तुमची!"

"माझी? अरे, मी तर एकटाच आलोय. मला वाटलं, तुमच्याकडची आहे!"

दोघांनी एकदमच मागे वळून बघितलं. काचेपलीकडे निधी मृणालिनी मॅडमच्या केबिनचं दार ढकलून आत शिरली होती आणि त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसत सांगत होती, "आई, गाडी नाही खपली. पण त्या दादाला ठेवून घे."