रुखमाबाईंना मिळालेला हुंकार

यवतमाळच्या एका समुपदेशन केंद्रात मानसोपचार शिकणाऱ्या पोरी लोकांची दुःखं ऐकायच्या, अन् त्यावरच त्यांच्या सरांचं संशोधन चालायचं: ऐकणाऱ्यानं हुंकार दिला, तर मन लवकर हलकं होतं का?

त्यातल्या उर्वशीपुढे नेरच्या रुखमाबाई बसत आणि गेलेल्या लेकीचं सांगत. उर्वशी जांभया देत मांडीवरचा मोबाइल चाळायची.

"नजर तुही मोबाइलवर," रुखमाबाई एकदा हसल्या, "पण हुंकार कसा बराबर देते वं, पोरी!"

उर्वशी दचकली. तिनं तर कधी साधं 'हं' म्हटलं नव्हतं.

संशोधनासाठी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र हुंकार होता. दर वाक्याला, मायेनं ओथंबलेला, जात्याच्या पलीकडून सखीनं द्यावा तसा. सरांनी पाठ थोपटली. "असं ऐकणं शिकवून येत नाही." पदवी समोर दिसत होती. उर्वशीनं हसून शाबासकी घेतली.

रुखमाबाई बऱ्या होऊन गेल्या. त्या दुपारी उर्वशी त्यांच्या खुर्चीत बसली, रेकॉर्डर लावला, आणि आई गेल्यापासून साठलेलं सगळं स्वतःच्या रिकाम्या खुर्चीला रडत रडत सांगितलं. मग ते रेकॉर्डिंग वाजवून आशेनं कान लावला.

तिच्या दर वाक्यानंतर कुणीतरी लांबलचक जांभई देत होतं.