ठेंगणं दार

मे महिन्यात धरणाचं पाणी आटलं की बुडालेलं गाव वर येतं आणि आमच्या सहली सुरू होतात. लोक कळसापाशी फोटो काढतात, चिखलाला नावं ठेवतात. का येतात, ते मी विचारत नाही.

घरांची आता नुसती जोती उरली आहेत. परवाचा गट त्यांवरून सरळ चालत गेला. एक म्हाताऱ्या बाई मात्र एका जोत्यापाशी थांबल्या, मान खाली घालून पुढे सरकल्या आणि पलीकडे ताठ उभ्या राहिल्या.

"मावशी, वर तर आभाळ आहे. वाकलात कशाला?"

"आमचं दार ठेंगणं होतं. आत येतोस, तर चपला बाहेर काढ."

मी चपला काढल्या, थोडा वाकलो.

"अजून खाली," त्या म्हणाल्या. "डोक्याला लागेल."