शेणींमागचा साक्षीदार

मनुबाई शेणींच्या ढिगामागे दबून बसली होती. शेजारी आण्णाप्पा. भर दुपार, मनुबाईच्या गोठ्यात माशांची घोंघों.

"कवा येती गं ती?"

"शाळेची मधली सुट्टी झाली की येती. गप बसा, आप्पा."

ती म्हणजे विद्युल्लता. मास्तरीण. दिवाळीनंतर आण्णाप्पाच्या, या गोठ्याला लागून असलेल्या, मागच्या खोलीत भाड्यानं आलेली. नवरा चिकोडीच्या कोर्टात कारकून. शनिवारी येणार, रविवारी जाणार. रोज दुपारी ती गोठ्याच्या पडक्या भिंतीशी काहीतरी करते, अशी खबर होती. त्या वेळी मनुबाई गवताला गेलेली असे. आज गेली नव्हती.

आण्णाप्पाशी बोली झाली होती. आज तिला रंगेहाथ धरून दिली, तर संध्याकाळच्या आत खोली रिकामी. नाहीतर मनुबाईनं पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. आठवडाभर एकटी राहणाऱ्या बाईला खासबागेत दुसरी खोली कोण देणार, याचा हिशेब मनुबाईनं केलेलाच होता.

बाई करणी करते, असा संशय. आधी चपलांचा.

बाईच्या पायात चामडं नाही. लढाईमुळे रबर मिळेना, म्हणून काथ्याचा तळ, वर जाड कापड, कापडावर बारीक निळं भरतकाम. ऐटदार दिसतं, हे मनुबाईलाही कबूल. पण चामड्याच्या चपलेला भितं कोण? माणूस तर भीत नाही.

मग रेशमाचा. विणकरांच्या खासबागेत राहून बाईला रेशीमकाठ चालत नाही. रेशमापायी किडे जिवंत उकळतात म्हणे. यल्लाप्पाच्या मागावर तिनं सुती काठाचं लुगडं विणून घेतलं, काठ मंजिष्ठेच्या लाल रंगात रंगवलेला. लांबून बघणाऱ्याची नजर ठरेना. आता शाळेतल्या आणखी दोघी तसलंच लुगडं मागत यल्लाप्पाच्या दारात उभ्या. याला मनुबाई भुरळ म्हणत होती.

रेडकाचं मागाहून.

चहात नारळाचं दूध. बाई घाटाखालची, कारवारकडची; तिकडची माणसं कुणावर काय काय पाठवतात, हे काय कुणाला सांगायला हवं?

दही शिवत नाही. तूप नको. म्हशीच्या दुधाचा थेंब ओठाला लावत नाही. आणि आल्यावर पंधराच दिवसांत आण्णाप्पाच्या घरासारखाच मनुबाईकडे शेरभर दुधाचा रतीब लावलेला. न पिणाऱ्या बाईला दूध लागतं कशाला? उताऱ्याला. दुसरं काय असणार.

रेडकाचं...

सांगायलाच हवं. मनुबाईच्या म्हशीला रेडा झाला, की तो दोन महिन्यांवर टिकत नसे. कुणी मारत नसे त्याला. पान्हा फुटेपर्यंत तोंड लावू द्यायचं, मग ओढून खुंट्याला बांधायचं. पुढचं तो आपणच करी. नंतर कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचं. ती चाटत राही, दूध देत राही. तीन रेडे असे गेले.

चौथा चार महिन्यांचा झाला होता. पाठ चकाकत होती. आणि गेल्या आठवड्यापासून म्हशीचं दूध कमी झालं होतं. इकडे आटतं, तिकडे चकाकतं. म्हस गेली तर मनुबाईची चूलच गेली.

"आली बघ," आण्णाप्पा पुटपुटला.

विद्युल्लता भिंतीच्या खिंडारात उभी राहिली. हातात झाकलेला लोटा. रेडकू दाव्याला ताण देऊन तिच्याकडे धावलं. तिनं लोट्यात बोटं बुडवली आणि त्याच्या तोंडात घातली.

आण्णाप्पाचा खांदा दाबून त्याला खाली ठेवत मनुबाई एकटीच उठली. साक्षीदार शेवटी काढायचा.

"घावलीस. काय चारतीस गं त्येला?"

विद्युल्लतेनं बोटं काढली नाहीत. "हळू बोला, आक्का. ठसका लागेल त्याला."

"काय मंतरून आणलंयस ते सांग आधी."

"दूध आहे."

"कुणाचं?"

"त्याच्या आईचं. सकाळी तुम्हीच माझ्या भांड्यात घातलेलं."

मनुबाईनं लोट्यात डोकावून पाहिलं. दूधच होतं. वास घेतला. तिच्याच म्हशीचं होतं. रेडकानं लोट्यात तोंड खुपसलं आणि ते डोळे मिटून ओढू लागलं, घरचं हक्काचं असल्यासारखं.

"रोज देतीस?"

"रतीब लावल्यापासून."

"आन् ह्यात तुझा फायदा काय?"

"भिंतीपलीकडे रात्रभर ओरडायचं हे. आता झोप लागते मला."

 मनुबाईनं घरून पाठ करून आणलेले सगळे प्रश्न करणीचे होते.

विद्युल्लतेनं लोटा निथळू दिला. मग दोन्ही बाजूंना पाहिलं. गोठ्यात कुणी नाही अशी खात्री करून ती भिंतीवरून वाकली आणि आवाज अगदी खाली आणला. एका बाईनं दुसरीची अब्रू सांभाळताना आणावा, तसा.

"आक्का, रागावू नका. सांगू की नको, असा विचार करत होते. गेल्या आठवड्यापासून तुम्ही दुधात ओढ्याचं पाणी घालता ना, ते माझ्या रतिबात तरी नका घालू. याला ढाळ लागतात."

शेणींचा ढीग हलला. आण्णाप्पा सावकाश उभा राहिला. त्यानं विद्युल्लतेकडे पाहिलं नाही. रेडकाकडेही नाही.

"मनुबाई," तो म्हणाला, "आमच्या नातवालाबी आठ दिस झालं ढाळ लागल्यात."