साडेअकराच्या आत

"काठाला घे! मंदार, काठाला घे!" वृंदा किंचाळली.

समोर, बराकपूरच्या घाटापलीकडे, हुगळीच्या अख्ख्या पात्रावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेघ उमटली होती. आणि ती त्यांच्याकडे येत होती. समुद्राकडून, म्हणजे प्रवाहाच्या चक्क उलट! नदी उलटी फिरलेली वृंदाने जन्मात पाहिली नव्हती, आणि तशी हौसही नव्हती.

पुढच्या कॅनूतून वाटाड्या निमाईदा वल्हं हवेत नाचवत ओरडत होता, "बान आ रहा है! बीच में आइए, दीदी! बीच में!"

बान म्हणजे समुद्राचं भरतीचं पाणी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ते भिंतीसारखं नदीत शिरतं आणि उलटं वर चढत जातं. सकाळी वरच्या गावातून निघतानाच निमाईदाने बजावलं होतं: सोपी सहल आहे, ओहोटीचं पाणीच आपल्याला खाली नेईल, फक्त साडेअकराच्या आत घाटावर पोचायचं. मंदारला वाटलं, बिचाऱ्याला जेवायची घाई. मग वाटेत वांग्याच्या शेतापाशी कॅनू लावून डबे उघडले गेले. निमाईदा मनगटावरचं घड्याळ दाखवत होता आणि ही दोघं नवराबायको त्याला आग्रह करकरून आणखी एक थालीपीठ वाढत होती. पाहुण्याला अर्धपोटी कसं उठवायचं, नाही का!

आता बारा वाजले होते.

वृंदाला पोहता येत नव्हतं. मधे बसलेल्या नऊ वर्षांच्या सईला येत होतं, पण तरणतलावात, तेही तळ दिसत असला तर. दोघींच्या अंगावर फुगीर जाकिटं होती, पण त्या रेघेपुढे जाकिटांचा काय पाड!

"घाबरू नकोस," मागून मंदार म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता. "मी कृष्णाकाठचा आहे. पाणी चढायला लागलं की काठ गाठायचा, हे मला कुणी शिकवायला नको." आणि तो काठाकडे वल्हवत सुटला.

काठ जवळ आला. पायऱ्या दिसू लागल्या. देवा, पोचव रे बाबा एकदाचं, असं वृंदा पुटपुटत होती. तेवढ्यात तिला पायऱ्यांवरची माणसं दिसली. आंघोळीच्या बायका पोरांना बखोटीला धरून वर पळत होत्या. कोळी मात्र वरून खाली पळत होते. धडाधड दोर सोडत होते, नावांत उड्या मारत होते आणि नावा पाण्यात लोटून सरळ नदीच्या मध्याकडे निघाले होते. एक म्हातारा कोळी त्यांना बघून दोन्ही हात हलवत बंगालीत ओरडला, "जा, जा, आत जा!" असंच काहीसं.

वृंदाने वल्हं थांबवलं.

"मंदार, फिरव!"

"काय?"

"मधे घे! ते बघ, ते सगळे मधे चाललेत!"

"अगं, आत्ता तूच म्हणालीस ना काठाला घे!"

"म्हणाले! चुकले! फिरव!"

"वेड लागलंय का तुला? मधे उलटलो तर..."

"बाबा, आई बोलते ते कर ना!" सई रडत ओरडली.

वृंदाने वाट पाहिली नाही. तिने वल्हं पाण्यात रोवलं आणि जिवाच्या आकांताने उलटं ओढलं. कॅनू कलली, डगमगली, तिचं टोक वळलं. मंदारने एक शिवी हासडली आणि मग तोही ओढू लागला. प्रत्येक वल्ह्याला काठ मागे पडत होता आणि प्रत्येक वल्ह्याला वृंदाला वाटत होतं, आपण आपल्या हाताने पोरीला मारायला नेतोय. बाळंतपणातसुद्धा ती इतकी घाबरली नव्हती.

"सीधा! मुँह सीधा रखिए!" निमाईदा ओरडला.

त्यांनी टोक लाटेसमोर धरलं. पाणी आलं. फुटलं नाही, नुसतं खालून फुगत आलं आणि त्यांना उचललं. कॅनू उभी झाल्यासारखी वर गेली, मग दणकन खाली आली. पुन्हा वर. पुन्हा खाली. सईने आईच्या जाकिटाला मागून मिठी मारली होती. मग लाटा लहान झाल्या.

काठाकडून तोफ उडावी तसा आवाज आला. लाट तिथे जाऊन फुटली होती. कुणाची तरी बांधलेली रिकामी नाव पायऱ्यांवर आपटली आणि तिच्या फळ्या सुट्या झाल्या. वृंदा मघाशी ज्या पायऱ्यांकडे डोळे लावून बसली होती, त्याच त्या पायऱ्या.

मंदारनेही ते पाहिलं.

निमाईदा कॅनू घेऊन जवळ आला. तो हसत होता. "हो गया, दीदी. अब किनारे चलिए."

मंदारने टोक घाटाकडे वळवलं. वृंदाचे दात वाजत होते. तिने हात मागे नेऊन सईचा गुडघा घट्ट धरला.

"नको," ती म्हणाली. "जरा वेळ इथंच राहू. मधोमध."