होडीची गळती

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेल्या गोटीरामनं भंगारातली ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी आणून अंगणात घातली आणि त्याच्या बायकोच्या, सरुबाईच्या डोक्याला ताप झाला. पापड वाळवायलासुद्धा जागा उरली नाही. भांडून वेगळा झालेला मुलगा भारत दर रविवारी ती दुरुस्त करायला यायचा. बापलेक बोलायचे ते होडीपुरतंच. रिव्हेट बदलून झाले, बसायला स्कूटरची सीट लागली, वर छत्रीसुद्धा आली.

एका रविवारी दोघांनी होडी विटांवर ठेवली, काठोकाठ पाण्यानं भरली आणि खाली वाकून पाहिलं. थेंबही गळेना.

"झालं, आण्णा. पुढच्या रविवारी धरणावर पोचवतो, मग मी मोकळा."

"हां. मग तू कशाला येशील इकडं," गोटीराम पुटपुटला.

"सुटले गं बाई एकदाची!" सरुबाईनं आभाळाला हात जोडले.

पुढच्या रविवारी टेम्पोत चढवण्याआधी गोटीरामनं पुन्हा पाणी भरलं, तर बुडातून धार लागली.

"अरे, हे भोक आलं कुठून?"

"पत्राच लय जुना हे, आण्णा. सगळं बूडच बदलावं लागंल." भारतनं बाह्या सरसावल्या.

"आग लावा तुमच्या त्या होडीला!" सरुबाई कडाडली आणि तिघांचा चहा टाकायला आत वळली. जाताना तिनं काळानिळा पडलेला अंगठा पदराखाली घेतला. काल दुपारी खिळ्यावर मारलेली हातोडी आधी त्याच्यावरच बसली होती.