चौथं चाक

"दाब."

तिनं पेडल दाबलं.

"धर."

तिनं धरलं. खालून पाना फिरल्याची कुरकुर आली, बाटलीत चार बुडबुडे फुटले, पाना उलटा फिरला.

"सोड."

ब्रेकची हवा काढणं हे दोघांचं काम. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा बारीक बोल्ट सैल करायचा आणि पुन्हा आवळायचा. तो आवळून होईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेर काढलेली हवा परत आत, मग पेडल पोकळ खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. बाबा खाली, ती वर, ही वाटणी ती दहा वर्षांची असल्यापासूनची. जीप घरात तिच्याआधी दोन वर्षं आली होती. म्हणून एकुलती एक असूनही ती घरात धाकटीच.

"थोरलीचे नखरे वाढलेत हल्ली," बाबा खालून म्हणाले. "चाळिशी आली की असंच."

"मला बोलताय की तिला?"

"जिला लागलं तिला."

एकेक चाक झालं की बाबा त्याच्यामागच्या पत्र्यावर खडूनं बरोबरची खूण करत. तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाची सवय. तीन खुणा झाल्या. चौथ्या चाकाला, ड्रायव्हरच्या बाजूच्या, "धर" म्हणून झालं आणि तिचा फोन वाजला. खिशातून तो काढताना तिचा पाय उचलला गेला. क्षणभरच. तिनं लगेच परत दाबला.

खाली काही हललं नाही.

"धाकटे, आधीच सोडलंस का?"

"नाही," ती म्हणाली. तिला साडेपाचची बस गाठायची होती.

"बरं." खडू पत्र्यावर घासला. "झालं. पळ तू."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जीप घेऊन बाहेर पडले. वळणावरच्या कुंपणाला टेकलेली जीप कुणाला तरी दिसली. बंपर जरासा वाकला होता. बाबा स्टिअरिंगवर होते. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, गाडी टेकायच्या आधीच गेले असतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनंही डोलावली. 'असतील' हा एक शब्द तेवढा तिच्याबरोबर घरी आला.

चार महिने जीप शेडमध्ये उभी राहिली. दर पंधरा दिवसांनी ती येई, काचा पुसे, इंजिन जागच्या जागी चालू करून बंद करी. ब्रेकच्या पेडलवर तिनं पाय ठेवला नाही. एकदा दाबलं असतं तरी कळलं असतं. म्हणूनच दाबलं नाही.

आज सकाळी चहा गाळता गाळता आईनं जाहीर केलं की जीप विकायची नाही. ती स्वतः चालवायला शिकणार.

"या वयात?"

"मग कोणत्या? तिचं वय तरी कुठं कमी आहे. एकमेकींना सांभाळून घेऊ."

"मग आधी ब्रेक बघायला हवेत," ती म्हणाली. तिनं कप खाली ठेवला.

आईला तिनं वर बसवलं. "मी सांगेपर्यंत सोडायचं नाही हं. मी धर म्हटलं की..."

"माहीत आहे गं मला. तू जा खाली."

बाबा सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करत. ती सरळ चौथ्या चाकाशी गेली. बोल्टला नळी लावली, दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"दाब."

"दाबलं. अगं, हे खाली जातच नाही. दगड आहे नुसता."

"परत दाब."

"परत दाबलं. तसंच आहे."

"धर."

तिनं बोल्ट सैल केला. नळीतून तेलाची सलग धार आली. ती टोकापर्यंत बघत राहिली. एकही बुडबुडा नाही. तिनं बोल्ट आवळला, घट्ट, बाबांपेक्षाही घट्ट, आणि घाम पुसायला मान वळवली. तेव्हा पत्र्यावरचा खडू दिसला. धुळीनं मळलेली बरोबरची खूण. तिला चिकटून दुसरी.

"आई, या चाकाला दोन खुणा कशा?"

"त्या होय. ह्यांनी सकाळी परत काढली ना त्याची हवा. मला वर बसवून. तेलानं न्हाऊन निघाले होते, आणि म्हणे अंघोळ झाली माझी."

"कुठल्या सकाळी?"

"त्याच." आईचा पाय पेडलवरच होता. "मी म्हटलं, काल पोरीनं केलं ना सगळं? तर म्हणाले, तिचं बरोबर होतं, मलाच बोल्ट आवळायला उशीर झाला."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"तू कधी विचारलंस? आणि त्यात सांगायचं काय होतं?"

ती उताणी पडून राहिली. चार महिन्यांत पहिल्यांदाच पाठीखालची फरशी तिला गार लागली. तिला हसू आलं, आणि ते डोळ्यांतून कानांकडे ओघळलं. हाताला तेल होतं, म्हणून तिनं ते पुसलं नाही.

"माझा पाय दुखायला लागला बाई," वरून आई म्हणाली. "सोडू का?"

"थांब. एक मिनिट धर."

तिनं त्या दोन खुणांकडे पाहिलं आणि वर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "हो बाबा. आधीच सोडलं होतं मी."